काटकसरीचें वाहन

घरापासून कचेरी तीन-चार कोस दूर असली म्हणजे पगारांतून वाटखर्च किती जातो, हा हिशेब प्रत्येक गृहस्थास करावाच लागतो. सायकलीनें दम लागतो, बसनें वेळ जातो आणि मोटार परवडत नाहीं. या अडचणींतून जी दोन चाकांची यांत्रिक गाडी पुढें आली, तिची निवड आपल्याकडील मध्यम स्थितीच्या कुटुंबांनीं कशी केली, किंबहुना निवड करण्याची मोकळीक त्यांना किती उशिरां मिळाली, हा आपल्या सामाजिक इतिहासाचा एक बोधप्रद भाग आहे.

या गाडीचें कूळ इटलींतलें. दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां पिआज्जो कंपनीचा पोंतेदेरा येथील विमानांचा कारखाना बॉम्बवर्षावानें मोडून पडला होता. एन्रिको पिआज्जो यांनीं कोर्रादिनो दास्कानिओ या विमानविद्येंतील इंजिनियराकडून एक स्वस्त वाहन आंखून घेतलें. दास्कानिओ यांना मोटरसायकल मुळींच आवडत नसे. ती कपडे मळविते, चाक बदलणें जिकिरीचें करते आणि बसणारास टांग टाकावयास लावते, हे तिच्यावरचे त्यांचे आक्षेप होते. म्हणून त्यांनीं इंजिन पत्र्याच्या आवरणांत मागच्या चाकापाशीं नेलें, साखळी काढून टाकली, पाय ठेवण्यास सपाट फळी दिली आणि पुढचें चाक विमानाच्या चाकाप्रमाणें एकाच बाजूनें धरिलें. एप्रिल १९४६ मध्यें या रचनेच्या पेटंटसाठीं अर्ज झाला. गाडीचें नांव पडलें वेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. पुढच्याच वर्षीं मिलान येथील इनोचेंती यांची लँब्रेटा तिच्याशीं स्पर्धेस उतरली.

दोन्ही गाड्या हिंदुस्थानांत आल्या. मुंबईची ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९५५ पासून लँब्रेटा तयार करूं लागली. बजाज घराण्याच्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशननें १९४८ पासूनच परदेशी दुचाक्या व तिचाक्या आणून विकण्यास आरंभ केला होता. १९५९ मध्यें त्यांना उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पुढें पुण्याजवळ आकुर्डी येथें पिआज्जोच्या सहकार्यानें स्कूटर बनूं लागली. हें सहकार्य १९७१ मध्यें संपलें. १९७२ मध्यें राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव घेऊन चेतक बाजारांत उतरली. साताऱ्यास प्रिया तयार होऊं लागली ती त्यानंतर थोड्याच वर्षांनीं.

परंतु बाजार हा शब्द येथें जपूनच वापरला पाहिजे. कारखान्यानें किती गाड्या काढाव्या हें परवान्यानें ठरे, आणि त्या कोणास व कशा विकाव्या यावर १९६० च्या सरकारी हुकुमाचें नियंत्रण होतें. गिऱ्हाईकाच्या हातीं राही फक्त नोंदणीची पावती. नोकरीस लागतांच तरुणानें नांव नोंदवावें, आणि गाडी दारीं येईपर्यंत त्याचें लग्न होऊन मूल शाळेंत जाऊं लागावें, असें कित्येक घरीं झालें. परदेशीं नातेवाईक असून त्यानें परकी चलनांत पैसे भरले, तर मात्र रांग चुके. वापरलेली गाडी नव्या गाडीहून महाग विकली जाई. अशा स्थितींत काटकसरीची गोष्ट ती कसली! वरपक्षानें हुंड्यांत स्कूटर मागण्याची निंद्य चाल पुष्कळ ठिकाणीं पडली, तिच्या मुळाशींहि ही टंचाई थोडीफार होतीच.

रांगेंत उभे राहण्याइतका धीर किंवा तेवढा पैसा ज्यांच्यापाशीं नव्हता, त्यांना १९७२ मध्यें अहमदनगरच्या (आतांच्या अहिल्यानगरच्या) कायनेटिक कंपनीनें लूना दिली. पन्नास सी. सी. चें इंजिन, आणि पेट्रोल संपल्यास मारावयास पायडल. तिला हंसणारे पुष्कळ होते. पण १९७३ च्या अखेरीस अरब देशांनीं तेलाची कोंडी केली आणि पेट्रोल कडाडलें, तेव्हां हंसणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं तीच घेतली.

खरी उलथापालथ झाली ती १९८५ मध्यें. परदेशी सहकार्याच्या वाटा मोकळ्या झाल्या होत्या आणि हीरो होंडानें सी. डी. १०० ही मोटरसायकल आणिली. ती चार-ठोक्यांची होती. जुन्या दोन-ठोकी इंजिनांत जळलेला वायु बाहेर जात असतांनाच ताजें मिश्रण आंत शिरतें, त्यामुळें कांहीं पेट्रोल न जळतांच धुराड्यावाटें निघून जातें. शिवाय पेट्रोलमध्यें तेल मिसळावें लागतें तें निराळेंच. चार-ठोकी इंजिनांत या दोन क्रिया निरनिराळ्या फेरीस होतात व हा अपव्यय टळतो. लिटरास ऐंशी किलोमीटर हा कंपनीचा दावा रस्त्यावर पुरता उतरला नाहीं तरी स्कूटर तिच्या पासंगास पुरत नव्हती.

तरीहि घराघरांत वाद झालेच. स्कूटरवर पुढें मूल उभें राही, पायांशीं भाजीची पिशवी व गॅसची टाकीहि मावे, लुगडें नेसलेली गृहिणी मागें निर्धास्त बसे. वाटेंत चाक पंक्चर झालें तर जादा चाक बरोबरच. मोटरसायकलीवर यांतलें बहुतेक कांहींच नव्हतें. पेट्रोलाच्या हिशेबानें गाडी घ्यावी कीं संसाराच्या, हा तो प्रश्न. आणि ज्यांनीं त्या काळीं संसाराच्या हिशेबानें घेतली त्यांना अडाणी म्हणतां येणार नाहीं. १९९१ नंतर परवान्यांचें युग सरलें, रांगा मोडल्या, पुढें सार्वजनिक बसगाड्यांचें अपुरेपण आणि धुरासंबंधींचे कडक नियम यांनीं पारडें झुकविलें. शतक संपतां संपतां मोटरसायकलींचा खप स्कूटरींच्या पुढें गेला.

चेतकचें उत्पादन नव्या शतकाच्या पहिल्या दशकांत थांबलें आणि २००९ मध्यें बजाजनें स्कूटरींचा धंदाच सोडण्याचें ठरविलें. जानेवारी २०२० मध्यें तेंच नांव पुण्यांत व बंगळूरांत पुन्हां विक्रीस आलें, पण विजेच्या गाडीवर. सकाळीं गाडी एका अंगावर कलती करून मग किक मारण्याचा जो विधि दोन पिढ्यांनीं अंगणाअंगणांत केला, त्याची हिला गरज नाहीं.