जगाची डिरेक्टरी, कंपनीच्या कुंपणात

कंपनीत नवा माणूस रुजू झाला की आयटीवाले त्याचं खातं एकाच ठिकाणी उघडतात. मग मेल, प्रिंटर, वाय-फाय, विभागाचे फोल्डर सगळीकडे तोच आयडी आणि तोच पासवर्ड चालतो. तो नोकरी सोडून गेला की तेवढं एक खातं बंद केलं की झालं. या सोयीचं मूळ मात्र टेलिफोनवाल्यांच्या घरात आहे.

१९८०च्या दशकात नोवेलच्या नेटवेअरमध्ये प्रत्येक सर्व्हरची यादी स्वतंत्र असे, तिला 'बाइंडरी' म्हणत. पाच सर्व्हर वापरणाऱ्याची खाती पाच. माणूस गेल्यावर चार बंद व्हायची, पाचवं विसरलं जायचं. झेरॉक्समध्ये यावर आधीच विचार झाला होता. डेरेक ओपन आणि आयआयटी मुंबईत शिकलेले योगेन दलाल यांनी तिथे 'क्लिअरिंगहाउस' रचलं. त्यात प्रत्येक नावाचे तीन भाग होते : वस्तू, विभाग, संस्था. यादी वापरणाऱ्याला एकसंध भासे, पण ती अनेक सर्व्हरांवर वाटलेली असे.

टेलिफोन आणि मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची हाव याहून मोठी होती. १९८८ साली त्यांनी एक्स.५०० हे मानक काढलं : साऱ्या जगाची एकच डिरेक्टरी. पोस्टाचा पत्ता खालून वर वाचावा तशी तिची मांडणी. आधी देश, मग संस्था, मग विभाग, शेवटी माणूस. झाडासारख्या या रचनेत ज्याची फांदी त्याने सांभाळायची. कागदावर हे देखणं होतं. पण तिला प्रश्न विचारायची पद्धत इतकी अवजड की टेबलावरच्या साध्या पीसीला ती पेलेना.

मिशिगन विद्यापीठातल्या टिम होव्स यांनी वेंगयिक येओंग आणि स्टीव्ह किल यांच्यासोबत १९९३ साली त्या पद्धतीची हलकी आवृत्ती लिहिली, एलडॅप. सुरुवातीला तिचं काम दुभाष्याचं. पीसीचा सोपा प्रश्न घ्यायचा आणि एक्स.५००च्या सर्व्हरपुढे त्याच्या भाषेत मांडायचा. पुढे मिशिगनकरांनी स्वतःच उत्तर देणारा एलडॅप सर्व्हर बनवला आणि मागच्या अवजड यंत्रणेची गरजच उरली नाही. दुभाष्याच घरधनी झाला!

एका कंपनीपुरती असलेली मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी २०००च्या फेब्रुवारीत विंडोज २०००सोबत आली. विचारपूस एलडॅपने, सर्व्हरचा ठावठिकाणा डीएनएसने आणि ओळखीची खातरजमा एमआयटीत घडलेल्या कर्बेरॉसने. यात पासवर्ड तारेवरून जातच नाही, मुदतीचं तिकीट फिरतं. म्हणून संगणकाचं घड्याळ पाच मिनिटांहून जास्त चुकलं तर सहसा लॉगिन अडतं. जुन्या विंडोज एनटीमध्ये बदल एकाच मुख्य सर्व्हरवर करता येई. आता तो कोणत्याही डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरवर करा, बाकीच्यांकडे आपसूक पोचतो.

जगाची एकच डिरेक्टरी काही झाली नाही. माझ्या मते ती होणारच नव्हती : आपल्या माणसांची यादी परक्यांना कोणती कंपनी उघडी करून देईल? पण डिरेक्टरीत कोणी हात घालावा हे तपासण्यासाठी त्याच मानकसंचात लिहिलेला एक भाग, एक्स.५०९, घराबाहेर पडला. ब्राउझर आज संकेतस्थळाची ओळख पटवतो ती त्याच्याच प्रमाणपत्रावरून. आपल्या बँकेचं प्रमाणपत्र उघडून पाहा. देश, संस्था, नाव हे टेलिफोनवाल्यांनी आखलेले रकाने त्यात बहुधा सापडतील, आणि देशापुढे 'आयएन' भरलेलं असेल.