बालाघाटातलं खोबऱ्याचं आंबट-तिखट कालवण

चुलतभावाने वंशावळ छापायला घेतली आणि ‘मूळ कोकण’ असं लिहू का, म्हणून मला विचारलं. घरात कागद एकही नाही. आजी तसं सांगायची, एवढंच. मग म्हटलं, तिचं माशांचं कालवण तरी तपासून बघू.

जिन्नस बघितले तर कोकणाचं काहीच नाही. कोकमाच्या जागी चिंच, तिरफळाचा पत्ता नाही, मासा वैनगंगेचा रोहू. नारळ आपल्याकडे होत नाही. महिनोन्‌महिने टिकणारी सुक्या खोबऱ्याची वाटी तेवढी बाजारात मिळते. मिरची तर दोन्हीकडे पाहुणीच, पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून आलेली. एवढ्यावरून हे कालवण नागपूरकडचंच म्हणावं लागेल.

पण कृती बघा. नागपूरकडच्या सावजी रश्शात खोबरं खमंग भाजून वाटतात, म्हणून तो काळपट दिसतो. आमच्या शेजारीही तसंच करत. आजी मात्र खोबरं भाजायचीच नाही. ते किसून कोमट पाण्यात भिजवायची, पाट्यावर लाल मिरची, धणे, लसणासोबत वाटायची आणि फडक्यातून पिळून रस काढायची. चिंचेचा कोळ उकळला की त्यात मासे, आणि रस अगदी शेवटी, मंद आचेवर. “उकळलं तं फाटते,” हे तिचं वाक्य. बोली पक्की इथली! सुक्या खोबऱ्यावर एवढी मेहनत कोण करेल? ही ओल्या नारळाची सवय आहे. जिन्नस गावाप्रमाणे बदलतात, हाताची सवय लवकर सुटत नाही.

अर्थात ती सवय आजीची की तिच्या सासूची, हे कालवण सांगत नाही.

कोकणाचं सोडा, गोंदियाही आता परराज्यात आहे. १८६७ साली बालाघाट जिल्हा झाला तो भंडारा, मंडला, शिवनीचे तुकडे जोडून. राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशातच राहिलो. चाळीसेक किलोमीटरवरचं गोंदिया दुसऱ्या राज्यात, कारभार भोपाळला. माझ्या मुलांची शाळा हिंदीत झाली. ती या कालवणाला ‘मछली की सब्जी’ म्हणतात.

भावाला मी कळवलं : ‘मूळ कोकण’ छापू नकोस. ‘आजीच्या सांगण्याप्रमाणे कोकण’ असं छाप, आणि खाली तिची कृती दे, रस पिळण्यासकट. तो म्हणाला, वंशावळीत स्वयंपाक कुठे असतो? मी म्हटलं, आजीचं नाव तरी कुठे आहे त्यात?