शिक्का देशाचा, शिस्त कारखान्याची

अॅम्प्लिफायर किंवा टर्नटेबल विकत घेताना पुष्कळ जण आधी मागच्या पट्टीवरचे देशाचे नाव वाचतात. जपान किंवा जर्मनी दिसले की निर्धास्त होतात. चीन किंवा मलेशिया दिसले की हात आखडतो. आखातातून आलेला जपानी टू-इन-वन ज्या मराठी घरांत वर्षानुवर्षे बिनतक्रार वाजला, तिथे तर ही समजूत फारच पक्की आहे. अनुभवातून आलेली समजूत झटकून टाकता येत नाही. पण ती ज्या देशावर सर्वाधिक भिस्त ठेवते, त्या जपानचाच इतिहास तिच्याविरुद्ध साक्ष देतो. आवाजाच्या यंत्राचा दर्जा ठरतो तो आराखड्यावर, सुट्या भागांवर आणि सदोष माल कारखान्याबाहेर जाऊ न देण्याच्या शिस्तीवर. ही शिस्त शिकता येते, विसरता येते आणि एका देशातून दुसऱ्या देशात नेताही येते.

मुळात मालावर देशाचे नाव छापण्याची सक्ती आली ती ग्राहकाला सावध करण्यासाठी. परदेशी माल ब्रिटिश म्हणून खपवला जाऊ नये यासाठी ब्रिटनने १८८७ साली ‘मर्चंडाइज मार्क्स अॅक्ट’ केला, आणि त्याचा रोख प्रामुख्याने स्वस्त जर्मन मालावर होता. पण दहा वर्षांच्या आतच जर्मन मालाने बाजारपेठ काबीज केल्याची ओरड ब्रिटनमध्ये सुरू झाली आणि त्या शिक्क्याला वजन आले. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातही जर्मनीने लवकर पाय रोवले. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनरने १८९८ साली आपल्या जन्मगावी, हॅनोव्हरला, तबकड्यांचा कारखाना उभारला. १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा त्याच्या तबकड्या हॅनोव्हरलाच छापून भारतात आल्या. तबकडीसाठी लागणारी लाख मात्र मुख्यत्वे भारतातूनच जात असे. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या. योग्य यंत्रे आणि ती चालवणारे हात एकत्र आले तेव्हा जे काम हॅनोव्हरला होत होते ते कलकत्त्यातही झाले.

जपानची कहाणी याहून बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले रेडिओ-कारखाने मोडकळीला आले होते आणि व्हॉल्व्ह मोठ्या प्रमाणावर सदोष निघत होते. लोकांपर्यंत रेडिओ पोहोचवणे अमेरिकी लष्करी प्रशासनाला निकडीचे वाटत होते. म्हणून होमर सॅरासन आणि चार्ल्स प्रॉट्झमन या अभियंत्यांनी १९४९-५० मध्ये जपानी दळणवळण-उद्योगातल्या वरिष्ठ व्यवस्थापकांचे वर्ग घेतले. १९५० साली जपानी शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघटनेच्या निमंत्रणावरून अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग आले आणि त्यांनी संख्याशास्त्रीय दर्जानियंत्रण शिकवले. त्याच सुमारास, पुढे ‘सोनी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या छोट्या कंपनीत टेपरेकॉर्डर घडत होता. टेपला प्लास्टिक मिळेना म्हणून कागद वापरला. लोहाचे क्षार तव्यावर भाजून चुंबकीय भुकटी केली आणि ती मऊ केसांच्या कुंचल्याने हाताने कागदावर चढवली. अशा टेपचा आवाज खरखरीत असणार यात नवल नाही. कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनी पुढे लिहून ठेवले की, सुरुवातीला ‘मेड इन जपान’ ही अक्षरे ते होता होईल तेवढी बारीक छापत. देशाच्या नावाने तेव्हा गिऱ्हाईक बिचकत असे. तीसेक वर्षांत तेच नाव जाहिरातीत मिरवण्याजोगे झाले. देश तोच होता. बदलली ती कामाची रीत.

एकाच काळातल्या जपानी मालातही जमीन-अस्मानाचा फरक असे. १९६०च्या आसपास उत्तम ट्रान्झिस्टर रेडिओ परदेशी जात होते आणि दोनच ट्रान्झिस्टरचे तकलादू संचही जात होते. हे दुसरे संच खेळणी म्हणून गणले जात, त्यामुळे रेडिओच्या निर्यातीवरची बंधने त्यांना लागू होत नसत. शिक्का दोन्हींवर जपानचाच होता. पुढे चलनदरांबाबतच्या १९८५च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने महागला. डॉलरला सुमारे २४० येन पडत होते, ते १९८८च्या सुरुवातीला सुमारे १२५ वर आले. आणि जपानी कंपन्यांनी कारखाने आग्नेय आशियात व नंतर चीनमध्ये नेण्याचा वेग वाढवला. जपानी टेक्निक्सचे एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ साली आले. २०१० मध्ये उत्पादन थांबले, २०१६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, आणि २०१९ चे त्याचे एमके-७ हे मॉडेल मलेशियात बनू लागले. जपानमध्ये बनणाऱ्या महागड्या ‘जी’ मॉडेलपेक्षा ते साधे आहे हे खरे. पण ‘जी’च्या मोटरला दोन रोटर आहेत, एमके-७ च्या मोटरला एक. ‘जी’च्या फिरत्या थाळीत पितळ, अॅल्युमिनियम आणि रबर असे तीन थर आहेत, एमके-७ मध्ये पितळ नाही. हा फरक किमतीचा हिशेब करून कागदावर आखलेला आहे. मलेशियातल्या कामगाराच्या माथी तो मारणे अन्यायाचे आहे.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, ‘ब्रिटिश आवाज’ ओळखू येतो तो कसा? त्याचे एक मोठे कारण म्हणजे बीबीसी. तिच्या संशोधन विभागाने एलएस३/५ए सारख्या स्पीकरचे आराखडे करून वेगवेगळ्या कंपन्यांना परवान्याने दिले आणि आवाज मूळ नमुन्याशी जुळावा असा आग्रह धरला. ज्याला राष्ट्राचा स्वभाव म्हणतात तो एका संस्थेच्या मोजमापांचा परिणाम आहे. दुसरा आक्षेप स्वस्त सुट्या भागांचा. २००० नंतरच्या काही वर्षांत तैवानी उत्पादकांचे कपॅसिटर अकाली फुगून गळू लागले, हे खरेच आहे. पण ते कपॅसिटर नामांकित कंपन्यांच्या यंत्रांतही बसले होते. मागच्या पट्टीवर जुळणीचा देश असतो, आतल्या प्रत्येक भागाचा नव्हे. त्यामुळे या संकटात ती पट्टी ग्राहकाच्या उपयोगी पडली नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: मुरलेले कारागीर, जवळपासचे सुट्या भागांचे पुरवठादार आणि कडक निर्यात-तपासणी एखाद्या देशातच एकवटलेली असते. जपानने १९५७ साली निर्यात-तपासणीचा कायदा केला, त्याचा फायदा तिथल्या मालाला झालाच. हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र त्यातून देश महत्त्वाचा ठरतो तो तिथे उभ्या केलेल्या व्यवस्थेमुळे. अशी व्यवस्था उभी राहायला दोन-तीन दशके लागतात, आणि ती कुठेही उभी राहू शकते.

म्हणून ग्राहकाने पट्टी जरूर वाचावी, पण तिथेच थांबू नये. आराखडा कोणाचा, आत भाग कोणते, तपासणी कशी होते, बिघडल्यावर सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे देणारा कारखाना चीनमध्ये असो की चाकणला, त्याच्या कामाला पूर्वग्रह न ठेवता कान द्यावा. नवख्या देशाचा माल नुसते नाव पाहून नाकारण्याची रीत जगाने कायम ठेवली असती, तर आज आपण ज्या जपानी यंत्रांची वाखाणणी करतो ती कोणी विकतच घेतली नसती.