लॉकमागे झिप, झिपमागे प्रिंटर

खिळ्यांच्या छपाईत साठवण जवळजवळ नव्हतीच. फर्मा छापून झाला की कंपोझिटर खिळे सोडवून आपापल्या खणांत टाकायचे, कारण पुढच्या पानांना तेच खिळे लागायचे. दुसरी आवृत्ती निघाली की पुस्तक पुन्हा पहिल्या अक्षरापासून जुळवायचं. डीटीपी आलं तेव्हा पुण्यातल्या प्रकाशकांना भुरळ पडली ती नेमकी याची. पुस्तक एकदा टाइप झालं की झालं. आवृत्त्या कितीही काढा. नव्वदच्या दशकात मी नारायण पेठेत डीटीपीचं काम सुरू केलं, तेव्हा भाव ठरवण्याआधी गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, फाइल जपून ठेवाल ना?"

फाइल जपायची ती फ्लॉपीवर. साडेतीन इंची फ्लॉपीची क्षमता १.४४ एमबी. नुसत्या मजकुराची दोनशे पानांची कादंबरी तिच्यात, फार तर दोघींत, मावायची. फ्लॉपीवर नाव लिहायचं, डब्यात घालायची आणि पावसाळ्यात बुरशीपासून सांभाळायची. अडचण आली ती रंगीत मुखपृष्ठांमुळे.

ए-फोर आकाराचं चित्र तीनशे डीपीआयला चार रंगांत स्कॅन केलं की फाइल होते सुमारे ३५ एमबीची. म्हणजे एका चित्राला चोवीस फ्लॉप्या. एआरजे नावाच्या प्रोग्रॅमने आम्ही फाइलचे तुकडे करायचो, एकेक फ्लॉपीवर चढवायचो आणि छपाईच्या फिल्म काढणाऱ्या प्रोसेस हाऊसच्या संगणकावर ते पुन्हा जोडायचो. त्यातली एक फ्लॉपी जरी वाचली गेली नाही, तरी बाकीच्या तेवीस फुकट. मराठीत १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, ती पुढे इतकी वाढली की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेठांतल्या प्रत्येक डीटीपीवाल्याकडे एकाच वेळी मुखपृष्ठांची रांग लागायची. फ्लॉपीला तो भार झेपणारा नव्हता.

त्या अडचणीत झिप ड्राइव्ह आला. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या रॉय गावची आयोमेगा ही कंपनी १९८० ची. बर्नुली बॉक्स नावाचा मोठ्या कार्ट्रिजचा ड्राइव्ह ती आधीपासून बनवत होती. १९९५ च्या मार्चमध्ये तिने झिप विक्रीला आणला. ड्राइव्हची किंमत १९९ डॉलर, एका डिस्कची वीस डॉलरच्या आसपास. आपल्याकडे जकात आणि कर धरण्याआधीच ड्राइव्ह साडेसहा-सात हजार रुपयांचा झाला. पण डिस्कवर १०० एमबी मावत होते. फॉरमॅट होऊन हाती राहत साधारण ९६. तेवढ्यात दोन मुखपृष्ठं बसून जाहिरातींनाही जागा उरायची.

डिस्क दिसायची फ्लॉपीची थोरली बहीण, जरा मोठी आणि जाड. आत तबकडी लवचीकच, पण मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे घेणारी. फ्लॉपीचे फेरे तीनशे. अमेरिकेतल्या छपाईच्या धंद्यात तोवर सायक्वेस्टची कार्ट्रिज चालायची, त्यांच्या आत हार्ड डिस्कसारखी कडक तबकडी असे. झिप त्यांच्यापेक्षा स्वस्त निघाला आणि सायक्वेस्टने १९९८ मध्ये दिवाळं काढलं.

आमच्याकडचा झिप पॅरलल पोर्टचा होता, गडद निळा, वर छोटी खिडकी. डिस्क न काढता खिडकीतून तिच्यावरचं नाव वाचता यायचं. चालू-बंदचं बटणही नव्हतं; अडॅप्टर लावला की चालू. मराठी डीटीपीत मात्र त्याच्यासाठी पोर्ट आधी मोकळं करावं लागायचं. फॉण्टच्या पॅकेजबरोबर एक लॉक यायचं, पंचवीस पिनांचं. ते संगणकाच्या मागे खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडायचं नाही. लेझर प्रिंटरलाही तेच पोर्ट. म्हणून आधी लॉक, लॉकमागे झिप, झिपमागे प्रिंटर, अशी शेपटी टेबलाच्या मागे लोंबायची. कधी लॉक सापडत नसे, कधी प्रिंटर. मग सगळं बंद करून क्रम बदलायचा आणि पुन्हा चालू करायचं. एरवी लुनाच्या डिकीत ड्राइव्ह, केबल, अडॅप्टर आणि एक फ्लॉपी असायचीच. दुसऱ्याच्या संगणकावर त्या फ्लॉपीतला 'गेस्ट' नावाचा प्रोग्रॅम चालवला की झिपला ड्राइव्हचं अक्षर मिळायचं. प्रोसेस हाऊसमध्ये डिस्क उघडायची, चार रंगांच्या चार पॉझिटिव्ह निघायच्या, त्या प्रेसवर जायच्या आणि प्लेटी व्हायच्या. आज ईमेलने होणारं हे काम तेव्हा अप्पा बळवंत चौकातल्या गर्दीतून दुचाकीवर व्हायचं.

झिपच्या एका दुखण्याचा जगभर बोभाटा झाला. वाचणारं हेड मार्गावरून चुकलं की ड्राइव्ह ते मागे घेऊन पुन्हा आत पाठवतो, आणि तसं होताना 'टिक-टिक' आवाज येतो. बिघडलेलं हेड डिस्कची कड फाडू शकतं आणि फाटलेली डिस्क दुसऱ्या ड्राइव्हचं हेड बिघडवू शकते, त्यामुळे रोग एका ऑफिसातून दुसऱ्यात जायचा. १९९८ मध्ये अमेरिकेत कंपनीवर ग्राहकांचा सामूहिक दावा झाला आणि २००१ मध्ये तडजोडीने मिटला. पण झिप संपवला तो स्वस्त सीडीने. ७०० एमबीची सीडी काही रुपयांना मिळू लागली. फ्लॉप्या बनवणारी आपली मोझर बेअरही सीडीकडे वळली. पुढे पेनड्राइव्ह आला. झिपने २५० आणि मग ७५० एमबीच्या डिस्क काढून पाहिल्या, पण गिऱ्हाईक परत आलं नाही. २००८ मध्ये आयोमेगाच ईएमसी कंपनीने विकत घेतली.

गेल्या काही वर्षांत मात्र प्रकाशक आणि लेखकांचे वारस माझ्याकडे या निळ्या-करड्या डब्या घेऊन येतात, कारण माझ्याकडे जुना ड्राइव्ह अजून चालू आहे. कुणाला संपलेल्या आवृत्तीची फाइल हवी असते, तर कुणाला वडिलांचा शेवटचा अपुरा लेख.

हे काम करताना काही पथ्यं पाळावी लागतात. पॅरलल ड्राइव्हला पॅरलल पोर्ट असलेलाच जुना संगणक लागतो. बाजारात मिळणारी प्रिंटरची यूएसबी केबल इथे चालत नाही, तिला फक्त प्रिंटर कळतो. यूएसबीचा झिप मिळाला तर उत्तम. तो आजच्या संगणकालाही ओळखीचा वाटतो. ७५० चा ड्राइव्ह १०० ची डिस्क वाचतो, तिच्यावर लिहीत नाही, आणि आपल्या कामाला तेच बरं. झिपच्या डिस्कवर फ्लॉपीसारखी लेखन रोखणारी खिटी नाही. आजचं विंडोज डिस्क घातल्याबरोबर स्वतःचं फोल्डर तिच्यावर लिहून मोकळं होतं. ड्राइव्ह कोणताही असो, पहिल्यांदा त्यात बिनकामाची डिस्क घालायची, आवाज ऐकायचा, ती बाहेर काढून तिची कड पाहायची. मग गिऱ्हाइकाची. ती उघडली की फाइली चाळत बसायचं नाही. अख्ख्या डिस्कची प्रत आधी हार्ड डिस्कवर घ्यायची आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर.

इतकं करून फाइल मिळते, पुस्तक मिळतंच असं नाही. फाइल पेजमेकरची. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. इनडिझाइनने सीएस-सिक्सपर्यंत त्याच्या फाइली उघडल्या, पुढे नाही. तीही पायरी ओलांडली तर पडद्यावर येतात इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं. कारण तेव्हाचे मराठी फॉण्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे: काना एका जागी, अर्धा श दुसऱ्या जागी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचं आयएसएम, प्रत्येकाची मांडणी वेगळी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण आमच्या टेबलांवर ती पोचायला पुष्कळ वर्षं गेली. म्हणून फाइलबरोबर फॉण्ट लागतो, फॉण्टबरोबर त्याचं पॅकेज, पॅकेजबरोबर लॉक आणि लॉकसाठी तेच पंचवीस पिनांचं पोर्ट.

मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात, तेव्हा मूळ पुस्तक शेजारी ठेवून प्रूफ पुन्हा वाचावंच लागतं. एका ग्रंथाच्या बाबतीत नव्याने टाइप करणं स्वस्त पडलं. गिऱ्हाइकाला तसं सांगितलं. खिळ्यांच्या काळात प्रत्येक आवृत्तीला हेच करावं लागायचं.

साधारण १९९० ते २००५ या काळातलं मराठी प्रकाशन आज अशा डब्यांत अडकलेलं आहे. छापलेली पुस्तकं ग्रंथालयांत सापडतील. पण न छापलेली प्रकरणं, बंद पडलेल्या मासिकांचे तयार अंक, संपादकाने कापलेला मजकूर फक्त डिस्कवर आहे. डिस्क अजून वाचल्या जातात, हा माझा अनुभव. ड्राइव्ह मात्र कुणी नवे बनवत नाही, आणि त्यातलं हेड जाणणारे कारागीर म्हातारे झाले. तुमच्या कपाटात झिप किंवा फ्लॉपी असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात टाकू नका. ती वाचून घ्या, पानांची पीडीएफ करा, मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि दोन ठिकाणी ठेवा. त्या काळचं फॉण्टचं लॉक सापडलं, तर तेही डिस्कबरोबरच ठेवा.