कांद्यावरचे चाळीस टक्के नेमके कोणी भरले?

पोस्ट मोठी आहे. नाशिकबाहेरच्या मित्रांसाठी मुद्दाम सविस्तर लिहितोय. कांद्याचा विषय निघाला की "शेतकरी एक रुपयाही कर भरत नाही, तरी रडगाणं चालूच" हे वाक्य कुणीतरी टाकतंच. त्या वाक्याला एकदा नीट उत्तर द्यायचं होतं.

तारीख १९ ऑगस्ट २०२३, शनिवार. मी निफाड तालुक्यात गावी गेलो होतो. नाना, म्हणजे माझे चुलते, चाळ फोडून कांदा खळ्यावर घेत होते. सोमवारी ट्रॅक्टर बाजारात न्यायचा होता. बाया कांदा निवडत होत्या, गोल्टी बाजूला काढत होत्या. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढून चाळीत घालतात. तिथे तो चार-पाच महिने राहतो तेव्हा वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतात. हे नुकसान सोसून शेतकरी थांबतो, कारण पावसाळ्यात चार पैसे जास्त मिळतील अशी आशा असते. संध्याकाळी फोनवर बातमी आली. कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत, लगेच लागू.

नानांनी विचारलं, "हे चाळीस टक्के भरणार कोण?"

मी शहरात नोकरी करणारा शिकलेला पुतण्या. म्हणालो, "नाना, ते निर्यातदाराला भरावे लागतात. तुम्हाला काही नाही."

नाना हसले. "आरं, तो कुठून आणील? त्याचा काय कांद्याचा मळा आहे का?"

त्या रात्री मी कागदावर हिशोब मांडला. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण रीत खरी आहे. समजा, परदेशातला खरेदीदार बंदरावर किलोला ३५ रुपये द्यायला तयार आहे. गोणी, निवड, वाहतूक, निर्यातदाराचा नफा मिळून ८ रुपये. म्हणजे लिलावात निर्यातदार २७ रुपयांपर्यंत बोली लावू शकतो. आता ४० टक्के शुल्क आलं. खरेदीदार तेच ३५ देणार, कारण त्याच्यासमोर पाकिस्तानचा आणि इजिप्तचा कांदा आहे. त्या ३५ मध्ये १० रुपये शुल्काचे गेले. उरले २५, त्यातून ८ वजा. बोली १७ वर आली. वीस क्विंटलच्या एका ट्रॅक्टरमागे २०,००० रुपये कमी. थोडा बोजा तिकडचा खरेदीदार उचलत असेल, पण ज्याच्या चाळीत माल सडतोय त्याला थांबता येत नाही. म्हणून मोठा वाटा त्याच्याच डोक्यावर येतो.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०० लाख टन कांदा पिकला आणि त्यातला सुमारे २५ लाख टन बाहेर गेला. म्हणजे बारा किलोतला एक किलो. पण लासलगाव असो, पिंपळगाव असो, निर्यातीचा आणि देशातला लिलाव वेगवेगळा होत नाही. त्याच आवारात, त्याच ट्रॅक्टरवर दोन्ही व्यापारी बोली लावतात. निर्यातदाराची बोली खाली आली की सगळ्या कांद्याचा भाव खाली येतो. सरकारच्या तिजोरीत शुल्क येतं एका किलोचं, शेतकऱ्याच्या खिशातून जातं बाराही किलोंचं. उरलेल्या अकरा किलोंचा पैसा कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. तो कुणी भरला याची नोंदही कुठे नाही.

नाना बाजाराच्या सगळ्या हिशोबपट्ट्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात. पट्टीवर हमाली असते, तोलाई असते, वाराई असते. निर्यात शुल्क हा रकाना नसतो. "शेतकरी कर भरत नाही" हे म्हणणं इतकं सोपं का आहे, ते मला त्या पट्ट्या बघताना कळलं.

थोडं मागे जाऊ. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा त्यांचं दुखणं हेच होतं की सरकारी खात्यांचा सगळा डोलारा शेतकऱ्याच्या करावर उभा आहे आणि त्याच्या पोरांच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. पण तो शेतसारा निदान दिसत होता. किती आहे ते माहीत होतं, म्हणून तो जास्त आहे असं म्हणता येत होतं. स्वातंत्र्यानंतर शेतीवरचा दिसणारा कर जवळपास गेला आणि न दिसणारा आला.

हे पहिल्यांदा लोकांच्या गळी उतरवलं शरद जोशींनी. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेतली नोकरी सोडून आलेला हा माणूस चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला लागला आणि त्याला कळलं की जमाखर्च जुळतच नाही. चाकणला कांद्याचं आंदोलन झालं आणि नोव्हेंबर १९८० मध्ये ते आपल्या जिल्ह्यात आलं. कांद्याला रास्त भाव आणि उसाला टनाला ३०० रुपये, या मागणीसाठी रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या. खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी गेले. आज मुंबईला जाता-येता खेरवाडी स्टेशन लागतं, गाडी बहुधा थांबत नाही. जोशी ज्याला 'उणे सबसिडी' म्हणत, ती तेव्हा अनेकांना अतिशयोक्ती वाटायची. २०१८ मध्ये ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांनी भारताच्या शेती धोरणाचा अभ्यास छापला. खतं-वीज-पाण्याची अनुदानं धरूनसुद्धा, २०००-०१ ते २०१६-१७ या काळात धोरणांचा शेतकऱ्याच्या एकूण उत्पन्नावर झालेला परिणाम सरासरी उणे १४ टक्के निघाला. उणे, म्हणजे दिलं त्यापेक्षा काढून घेतलं जास्त.

आता वचनांकडे येतो.

१९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याच्या महागाईचा मुद्दा केला. १९९८ मध्ये कांदा भडकला आणि दिल्लीतलं भाजपचं राज्य सरकार पडलं. तेव्हापासून दिल्लीत कोणीही बसो, कांद्याचा भाव चढला की त्याला पहिली आठवण १९९८ ची होते. डिसेंबर २०१० मध्ये काँग्रेस आघाडीच्या सरकारने निर्यात बंद केली, तेव्हा कृषिमंत्री महाराष्ट्राचेच होते. २०१४ मध्ये सरकार बदललं आणि महिन्याभरात, १७ जूनला, किमान निर्यात मूल्य टनाला ३०० डॉलर ठरलं, जुलैच्या सुरुवातीला ५००. म्हणजे हे एका पक्षाचं पाप नाही. विरोधात असताना लासलगावला येऊन ट्रॅक्टरवर उभं राहायचं आणि सत्तेत गेल्यावर दिल्लीतून आदेश काढायचा, हा सर्वपक्षीय रिवाज आहे.

तरी गेल्या दहा वर्षांची वचनं जास्त ठळक होती, म्हणून त्यांचा हिशोबही ठळक मांडावा लागतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये पंतप्रधानांनी २०२२ पर्यंत शेतकऱ्याचं उत्पन्न दुप्पट करण्याचं स्वप्न जाहीर केलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले. पुढच्याच महिन्यात केंद्राचं कृषी निर्यात धोरण आलं, त्यात स्थिर व्यापार धोरणाची भाषा होती. सप्टेंबर २०१९ मध्ये, विधानसभेच्या मतदानाला महिनाही उरला नव्हता तेव्हा, कांद्याची निर्यात बंद झाली.

२०२० तर लक्षात ठेवण्यासारखं आहे. जूनमध्ये अध्यादेश आला की कांदा-बटाटा जीवनावश्यक वस्तूंच्या जाचातून मोकळा, शेतकरी आता स्वतंत्र. १४ सप्टेंबरला निर्यातबंदी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी, १५ सप्टेंबरला, लोकसभेने ते 'मोकळं करणारं' विधेयक मंजूर केलं. ऑक्टोबरमध्ये व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादाही आली. स्वातंत्र्य आणि बेडी एकाच आठवड्यात दिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आणि मग २०२३. ऑगस्टमध्ये शुल्क, जिल्ह्यात लिलाव बंद. केंद्राने सांगितलं की नाफेड आणि एनसीसीएफ क्विंटलला २,४१० रुपयांनी आणखी २ लाख टन घेतील. जिल्ह्यातली आवक पाहता तो दिलासा सगळ्यांपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबरला पूर्ण बंदी, मुदत ३१ मार्च २०२४. मुदत संपायच्या आधीच ती पुढील आदेशापर्यंत वाढली. एप्रिलअखेर गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची परवानगी मिळाली आणि आमच्याकडे संताप उसळला. ४ मे ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिलं. १५ मे ला पिंपळगाव बसवंतच्या सभेत पंतप्रधानांचं भाषण चालू असताना एका तरुणाने उठून कांद्यावर बोला म्हणून आवाज दिला. २० तारखेला मतदान झालं. दिंडोरी आणि नाशिक, दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांनी घालवल्या. १३ सप्टेंबरला, विधानसभा दोन महिन्यांवर असताना, डॉलरची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. नोव्हेंबरात महायुतीने जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा जिंकल्या. उरलेलं शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. ३१ डिसेंबरपर्यंतचं म्हणून आलेलं बंधन या ना त्या रूपात एकोणीस महिने राहिलं.

इथे आपल्यालाही एक प्रश्न विचारायला हवा. निवडणुकीआधी अर्धं शुल्क उतरलं आणि आपण विसरलो. मतदानाची कारणं अनेक असतात, लाडकी बहीण होती, जातीची गणितं होती, मान्य. पण दिल्लीने यातून काय धडा घेतला असेल? की मे महिन्यातला राग सप्टेंबरच्या एका कागदाने शांत होतो.

आता दुसरी बाजू, कारण मी नाशिक शहरातही राहतो. घरकाम करणाऱ्या ताईंना ८० रुपये किलोचा कांदा परवडत नाही, हे मला दिसतं. त्यांना स्वस्त कांदा मिळायलाच हवा. वाद त्यावर नाही. ती जबाबदारी देशाची आहे, मग तिचा खर्च फक्त चाळवाल्याच्या ट्रॅक्टरमधून का काढायचा? शिवाय भाव पाडून फायदा ताईंपर्यंत पोचतोच असंही नाही. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी हिशोब मांडला, त्यात ग्राहकाच्या रुपयातले सुमारे ३६ पैसेच कांदा उत्पादकाला मिळतात असं निघालं. उरलेल्या ६४ पैशांवर अधिसूचना निघालेली मी पाहिली नाही.

कायद्याचं बघू. राज्यघटनेच्या २६५ व्या कलमानुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता येत नाही. पगारदाराच्या प्राप्तिकराचा टक्का बदलायचा तर वित्त विधेयक येतं, टीव्हीवर आठवडाभर चर्चा होते. जीएसटीसाठी परिषद बसते. पण १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याच्या आठव्या कलमाने केंद्राला तातडीच्या वेळी निर्यात शुल्क वाढवण्याचा किंवा नव्याने लावण्याचा अधिकार दिला आहे. अधिसूचना आधी लागू होते, संसदेपुढे नंतर जाते. बेकायदा काही नाही. पण 'तातडी' म्हणजे काय, हे ठरवताना नानांना कोणी विचारत नाही.

म्हणून माझं म्हणणं "शुल्क कधीच नको" असं नाही. दुष्काळ पडला, पीक गेलं, तर सरकारला हात घालावा लागेल. मग नियम आधी सांगा. अमुक भावाच्या वर गेलं तर इतकं शुल्क, खाली आलं की आपोआप रद्द. लागवडीच्या आधी जाहीर करा, म्हणजे चाळ भरायची की नाही हे शेतकरी ठरवेल. मधेच लावलंत तर जमा झालेलं शुल्क कांदा उत्पादकाच्या खात्यात परत द्या. आणि पुढच्या वेळी कोणत्याही पक्षाचा उमेदवार दारात आला की "भाव देऊ" हे वाक्य ऐकून चहा पाजू नका, या तीन गोष्टी लेखी मागा.

परवा गावी गेलो तेव्हा नानांनी पिशवीतून ऑगस्ट २०२३ ची पट्टी काढून दाखवली. शाई उडत चालली आहे. म्हणाले, "तू तो हिशोब केला होता ना, तो हिच्या पाठीमागं लिहून दे." मी लिहून दिला. हमाली, तोलाई, वाराई पुढच्या बाजूला आहेत, निर्यात शुल्क मागच्या बाजूला.

तुमच्याकडे जुन्या पट्ट्या असतील तर फेकू नका.