आधी कोण आलं

माझ्या पणजीला स्वतःचं गाव ठाऊक नव्हतं. गुजरातेतलं, एवढंच. त्या दुष्काळाला ती ‘छप्पनिया’ म्हणायची; विक्रम संवत 1956, म्हणजे 1899-1900 चा. आई वाटेत गेली. बापाचं काय झालं ते कळलं नाही. पाच-सहा वर्षांची ती पोर पंडिता रमाबाईंच्या माणसांबरोबर आगगाडीने केडगावला, त्यांच्या मुक्तिसदनात आली.

हे मला आजीने सांगितलं. आजी गोष्ट सुरू करायची ती डोक्यापासून. पणजीच्या डोक्यात उवा आणि पिकलेल्या जखमा होत्या. केसांना हात लावला तरी ती किंचाळायची. सदनातल्या एका विधवा बाईने तिला मांडीवर आडवं घेतलं आणि लिंबाच्या पाल्याचं कोमट पाणी थोडं थोडं ओतून खपल्या मऊ केल्या. मग केस उतरवले. वाळलेल्या आतड्यांना भाकरी सोसत नाही, म्हणून आधी नुसती पेज. पोर भाकरीसाठी त्या बाईच्या मनगटाला चावली, तरी बाईने हात मागे घेतला नाही. ती बाई जन्माने ब्राह्मण होती. शुभकार्यात ज्यांचं तोंड बघायचं नाही अशांपैकी एक. पोरीची जात तिने विचारली नाही.

ही माया आली कुठून, याचं उत्तर मला रमाबाईंच्या आयुष्यात सापडतं. भूक त्यांनी पुस्तकात वाचली नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित, पण 1874 च्या सुमारास थोड्याच महिन्यांत आई, वडील आणि बहीण उपासमारीने गेली. सोळा वर्षांच्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पुराणं सांगत पायी देशभर हिंडले. पुढे त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना जवळ करणाऱ्या जोगिणी त्यांनी लंडनमध्ये पाहिल्या. ह्या असं का करतात, असं विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. कोणी ज्यांच्याकडे वळून बघत नाही, त्यांच्याशी येशू बसून बोलतो, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. 1883 साली वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणूनच 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. गुजरातेतल्या मुली आल्यावर ही संख्या दीड हजारांच्या वर गेली. एवढ्या पोटांना रोज दोन वेळा घालायचं! शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हाती. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून केलेलं मराठी बायबल याच छापखान्यात छापलं गेलं; पणजी तिथे खिळे जुळवायची. आंधळ्या मुलींनाही तिथे ब्रेल शिकवत.

वाद मात्र याआधीच झाले होते. 1893 साली, रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेतल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात गदारोळ उठला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. त्यांचा सद्भाव मी नाकारत नाही. धर्माची काळजी खोटी नव्हती. पण माझ्या घरात तो वाद दुसऱ्या बाजूने ऐकू येतो. केडगावात आधी जखम धुतली गेली, देवाचं नाव पुढे कळलं. पेज पाजणारी ती बाई संध्याकाळी प्रार्थना करायची, आणि पणजीला तिच्या प्रार्थनेवर विश्वास बसला तो तिच्या हातांमुळे. दया आणि श्रद्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला कोणी कधी समजावूच शकलं नसतं.

म्हातारपणी कोणीतरी पणजीला तोंडावर म्हणालं, “पोटासाठी धर्म सोडलात तुम्ही.” आजी तिथेच उभी होती. पणजी शांतपणे म्हणाली, “तुम्ही आधी आला असतात, तर तुमच्या मागून आले असते. तुम्ही आला नाहीत. आता मी प्रभूची आहे.” आणि त्या माणसाला तिने जेवायला थांबवून घेतलं.