आधी काय दाखवायचं?

वेबसाइटवर आधी काय दिसावं आणि मागून काय, हे ठरवणं संपादकाचं काम. वर्डप्रेस या वेबसाइट बांधण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ते बराच काळ तारखेकडे राहिलं, आणि त्याचं कारण त्याच्या जन्मात आहे. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी मे २००३ मध्ये 'बीटू' या जुन्या प्रणालीवरून ते उभं केलं, ते दैनंदिन नोंदींसाठी. तिथे ताजं ते वर, हे साहजिकच होतं. २००५ मध्ये 'पेजेस' आली. 'आमच्याविषयी', 'संपर्क' यांना तारखेशी काय देणंघेणं? त्यांच्यासाठी डेटाबेसमध्ये 'मेनू ऑर्डर' हा आकड्याचा रकाना ठेवला गेला. जून २०१० मध्ये ३.० आवृत्तीने 'कस्टम पोस्ट टाइप' नीट वापरात आणले. पुस्तकं, अभ्यासक्रम, पाककृती यांना स्वतंत्र घर मिळालं. पण वेगळं सांगितलं नाही तर वाचकासमोरची यादी तारखेनेच लागत राहिली. तीन खंडांचा ग्रंथ क्रमाने चढवला, तर पानावर तिसरा खंड सर्वांत वर!

तारीख निदान निष्पक्ष असते, असं यावर म्हटलं जातं. बातम्यांपुरतं ते खरं आहे. ग्रंथाच्या बाबतीत ती काय शेवटी चढवलं गेलं एवढंच सांगते. म्हणूनच क्रम साधण्यासाठी प्रकाशनाच्या तारखाच खोट्या टाकण्याची वाट अनेकांनी धरली, म्हणजे निष्पक्षताही गेली आणि नोंदही बिघडली. हजारो वस्तूंना हाताने क्रमांक देणं अशक्य आहे, हा दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. तिथे नाव किंवा किंमत हाच आधार घ्यावा. पण तो आधार निवडणाराही माणूसच असतो, हे विसरू नये.

क्रमांक स्वतःच्या वेगळ्या रकान्यात, म्हणजे 'कस्टम फील्ड'मध्ये, ठेवला तर आणखी काळजी लागते. ते मूल्य मजकूर म्हणून साठतं, त्यामुळे साध्या क्रमवारीत १ नंतर १० येतो आणि मग २. ज्या नोंदीत तो रकाना भरलेलाच नाही, ती नोंद नेहमीच्या पद्धतीत यादीतूनच गळते. मराठी संपादकाने तिथे देवनागरी आकडे टाकले, तर संख्या म्हणून मोजताना डेटाबेस ते ओळखत नाही. सगळे शून्य धरले जातात. म्हणून अंक इंग्रजीच टाकावेत, आणि दहा-दहाच्या अंतराने, म्हणजे मध्ये नवा खंड घालायला जागा राहते.